हिरव्या सुताची कृती आणि माझा संशय

मी एक जुना लॅपटॉप आहे, मित्रांनो, आणि कोणी स्क्रू ड्रायव्हर घेऊन माझ्याजवळ आलं की मी आधी त्याच्या खिशांकडे बघतो. तुम्हाला हा माझा वाईट स्वभाव वाटेल. पण एका दुरुस्तीवाल्याने पंखा साफ करतो असं सांगून माझी पाठ उघडली आणि आतल्या मेमरीच्या दोन पट्ट्यांपैकी एक काढून घेतली. पंखाही साफ केला नाही. तेव्हापासून मी सुरू व्हायला अर्धा तास घेऊ लागलो आणि कोणावर विश्वास ठेवेनासा झालो.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. शेवटच्या टेबलावरच्या बाईंनी माझी प्रत्येक कळ एकदा दाबून पाहिली, कागदावर खूण केली आणि मला खोक्यात घातलं. तिथून मी आलो तो सूत रंगवणाऱ्या कारखान्याच्या ऑफिसात. ऑफिस कसलं, काचेचं खोपटंच ते. बाहेर वाफाळणारे हौद, आत मी आणि टायपिस्ट बाई. रंगमास्तर ओल्या हातांनी दारात उभे राहून सांगत, "लिहा बाई, गडद निळा. मीठ इतकं, सोडा इतका." बाई माझ्याकडे न बघता लिहीत. त्या टाइपरायटरवर शिकलेल्या होत्या, आणि माझ्यात आपल्या लिपीचा जो फॉन्ट घातला होता, त्यात टाइपरायटरच्याच जागी अक्षरं होती. माझ्या कळांवर छापलेल्या इंग्रजी अक्षरांची त्यांना कधी गरजच पडली नाही. त्यांच्या बोटांनी ती हळूहळू पुसून गेली.

तेव्हा माझं कौतुक होतं. मास्तर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "वहीवर डाग पडायचे. ह्याच्यावर पडत नाहीत." एकशे चाळीस रंगांच्या कृती माझ्या पोटात होत्या. पुढे मास्तर वारले, ऑफिसात नवी यंत्रं आली, बाई निवृत्त झाल्या. मला भंगारात टाकणार होते, तेव्हा बाई म्हणाल्या, "भंगारात कशाला, मी नेते." घरी आल्यावर माझी जागा कपाटावर, घडी घातलेल्या चादरींखाली. वर्षानुवर्षं मी तिथे होतो. फार वाईट वाटायचं.

मग बाईंच्या मुलाचं लग्न झालं आणि घरात सून आली. तिला रंगकामाची भारी हौस. मागच्या पडवीत तिने दोन हौद बांधले आणि विणकरांचं सूत रंगवून द्यायला लागली. लागेल ती कृती ती माझ्यातून काढून घ्यायची. तुम्ही म्हणाल, मग तुला आनंद व्हायला हवा होता. पण मी सुरू होईपर्यंत ती कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत उभी राहायची, आणि ते बघणं मला पसंत नव्हतं.

एकदा एक विणकर आला. सभागृहाचा मोठा पडदा त्याच्या मागावर अर्धा विणून झाला होता आणि हिरवं सूत संपलं होतं. तोच हिरवा, तस्साच, शनिवारपर्यंत हवा होता. रंग जराही चुकला तर विणलेलं सगळं वाया जाणार होतं. सून म्हणाली, "कृती आहे माझ्याकडे. काळजी नको." ती कृती माझ्याकडे होती, हे ती विसरली.

त्या दिवशी मी तीनदा सुरू होता होता बंद पडलो. तेव्हा ती सासूला म्हणाली, "आई, ह्याच्यातली जुनी प्रणाली काढून लिनक्स घालू या. जुन्या मशीनसाठी एक हलकं मिळतं. पटकन सुरू होईल."

"आणि कृती?"

"सगळ्या फाइली आधी काढून घेते ना."

मी सावध होतो. तिने फाइली एका पेन ड्राइव्हवर घेतल्या आणि दुसरा पेन ड्राइव्ह माझ्या कुशीत खुपसला. मी त्याच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही, जुन्या सवयीने सुरू झालो. तिने मला बंद करून पुन्हा चालू केलं आणि सुरू होतानाच एक कळ टकटक दाबत राहिली. मग नाइलाज झाला. पडद्यावर प्रश्न आला, सगळी डिस्क पुसायची का? तिने हो म्हटलं.

तासाभराने मी एका मिनिटात सुरू झालो. पंखाही कुरकुरला नाही. पण एवढं हलकं वाटणं मला बरं वाटेना. खिसा कापला गेल्यावर माणूसही हलकाच होतो.

आणि तसंच झालं होतं. सुनेने हिरव्याची फाइल उघडली तर आकडे तेवढे शाबूत होते, बाकी सगळी इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबं. तीस भाग कशाचे, पाच भाग कशाचे, काही कळेना. फाइली तिने घेतल्या होत्या, फॉन्ट घ्यायचा राहिला होता, आणि त्याच्याशिवाय बाईंनी दाबलेली प्रत्येक कळ नुसतं इंग्रजी अक्षर होऊन दिसत होती. इंटरनेटवर शोधला, पण तो बनवणारे केव्हाच दुकान गुंडाळून बसले होते. तिने अंदाजाने एक लडी रंगवून पाहिली. ती शेवाळासारखी काळपट निघाली.

बाई पडवीत आल्या, लडीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "तुला हे घराबाहेर काढायचंच होतं. आता काढ."

मलाही अगदी तेच वाटत होतं. सुनेचे डोळे भरून आले.

बाई रागारागाने माझ्यासमोर बसल्या. "बघ, काय करून ठेवलंस. मी इथे 'मीठ' लिहिते आणि हे बघ काय उमटतंय." कितीतरी वर्षांनी त्यांची बोटं माझ्या कळांवर पडली. पडद्यावर तीन इंग्रजी अक्षरं उमटली.

सून पुढे वाकली. "आई, थांबा. हीच तीन अक्षरं कृतीत आहेत. तीस भागांपुढे."

मग सून शेजारी स्टूल घेऊन बसली. बाईंना इंग्रजी कळांच्या जागा ठाऊक नव्हत्या आणि सुनेला टाइपरायटर ठाऊक नव्हता. म्हणून सून पडद्यावरचं अक्षर बघून माझ्या कोऱ्या कळेवर बोट ठेवायची, बाई तिथे आपलं बोट आणायच्या आणि डोळे मिटून सांगायच्या, "स. त्याला ओकार. ड. काना."

"सोडा," सून म्हणाली.

संध्याकाळपर्यंत हिरवा वाचून झाला. शनिवारी विणकराने नवं आणि जुनं सूत शेजारी धरलं, खिडकीपाशी नेलं, आणि परत येऊन विचारलं, "ह्यातलं नवं कुठलं?" बाईंनी सुनेच्या पाठीवर हात ठेवला. त्या दिवशी त्यांनी तिला भांड्यांना हात लावू दिला नाही.

त्यानंतर रोज दुपारी दोघी माझ्यासमोर बसू लागल्या. एकेक कृती वाचायची, आणि सून ती कुठल्याही यंत्रावर वाचता येईल अशा अक्षरांत उतरवायची. कळ दाबता दाबता बाईंना कागदावर कधीच न आलेलं आठवायचं. "इथे मास्तर थांबले होते. म्हणाले, पाणी जड असेल तर सोडा शेवटी टाका." सून तेही लिहून घ्यायची.

मला वाटलं, सगळं उतरवून झालं की मला फेकणार. म्हणून मी तिच्यावर बारीक लक्ष ठेवलं, आणि एका सकाळी तिला रंगेहाथ पकडलं. बाई बाहेर गेल्या होत्या. सुनेने पुढची कृती उघडली आणि एकटीने पहिल्यापासून शेवटपर्यंत घडाघडा वाचली. तिला केव्हाचीच सगळी अक्षरं येत होती! मग तिने फाइल मुकाट्याने बंद केली. दुपारी बाई येऊन बसल्यावर तीच कृती उघडून म्हणाली, "आई, हे पहिलं अक्षर कुठलं हो? मला काही लागत नाही."

बाईंची डावी करंगळी हल्ली वाकत नाही. अनुस्वार त्या करंगळीचा, त्यामुळे 'रंग' लिहिताना त्या अडतात आणि सून आपलं बोट पुढे करते. बोटं अशी एकेक करून थांबतील, तोवर ती कळांवर चालती ठेवायची, हे तिला माझ्या आधी कळलं होतं. मी आयुष्यभर खिसे तपासत बसलो आणि हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

मित्रांनो, जुनं यंत्र पुसायचं तर खुशाल पुसा, पण ज्याने त्यात लिहिलं त्याला आधी शेजारी बसवा आणि सावकाश विचारा. आमच्या अजून साठ कृती उरल्या आहेत. सून त्या एका दिवसात संपवू शकते. ती रोज एकच वाचते, तीही चुकत चुकत. एवढ्या वर्षांत मी पकडलेली ही एकच खरी लबाडी, आणि ती मी कोणाला सांगणार नाही. तुम्हीही बाईंना सांगू नका.