माईकवरून सांगितलेलं दुखणं

हर्षलाच्या गर्भाशयात गाठ आहे हे घरातल्या तिघांनाच ठाऊक होतं: ती स्वतः, नवरा साईनाथ आणि सासू मोतीबाई. कर्जतच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गाठ साधीच आहे, पण वाढतेय. दुर्बिणीने नुसती गाठ काढून पिशवी राखता येते. ती सोय आमच्याकडे नाही. इथे केलं तर पिशवीच काढावी लागेल."

पिशवी गेली की मुलाची आशाही गेली, आणि हर्षलाने ती अजून सोडली नव्हती.

पनवेलला तशी सोय होती, पण तो दवाखाना त्यांच्या विम्याच्या यादीत नव्हता, आणि खर्च खिशातून झेपणारा नव्हता. म्हणून कशेळ्याचा धनेश त्यांच्या घरी पळसदरीला आला. मोतीबाईंचा भाचा, विम्याचा एजंट.

"इमा बदलता येतो?" मोतीबाईंना नवल वाटलं. "मग आमी भरला त्यो वाया?"

"नाही मावशी. हप्त्याची तारीख यायच्या पुरेसं आधी अर्ज केला की जुनी वर्षं नव्या कंपनीत धरतात. अशा गाठीसाठी आधी काही वर्षं थांबावं लागतं, तेवढी तुमची भरलीत."

"म्हंजे वारीतला फड बदलला तरी गळ्यातली माळ तीच."

"तसंच समजा." मग धनेशने आवाज उतरवला. "फक्त गाठीचं लिहू नका, वहिनी. कळलं तर नवी कंपनी नाही म्हणू शकते. बदलून झाल्यावर सापडली म्हणायचं."

"आणि खोटं उघडं पडलं तर? ऐन ऑपरेशनच्या वेळी हात वर करतील," हर्षला म्हणाली.

"सांगणार कोण? घरातलं घरात."

अर्ज गावच्या देवळातला हरिनाम सप्ताह उरकल्यावर भरायचा ठरला.

काल्याच्या कीर्तनात बुवा गोपाळांच्या शिदोऱ्यांवर आले. कुणाची शिळी भाकर, कुणाचं आंबट ताक; देवाने कुणाचं फडकं सोडायचं ठेवलं नाही. मृदंग असा चढला की खांबाला टेकलेली म्हातारी माणसंही ताठ झाली. हंडी फुटली, लाह्या उधळल्या, पंगती बसल्या. सप्ताहाची व्यवस्था बघणाऱ्या वाल्मिकने माईक घेतला आणि अन्नदात्यांची नावं सांगू लागला. इथे नुसतं नाव सांगून भागत नाही, कशाप्रीत्यर्थ तेही सांगतात. पोराला नोकरी लागली, नवा टेंपो आला.

"आजची बुंदी मोतीबाईंकडून. सूनबाई हर्षला हिच्या पोटातली गाठ सुखरूप निघावी आणि पिशवी राहावी, याप्रीत्यर्थ."

वाढणाऱ्याचा हात पातेल्यातच राहिला. धनेशने घास कसाबसा गिळला.

"मावशी, काय केलंत हे?"

"नवस बोलले. देवाला कळाया नको, बुंदी कशाची ती?"

"देवाला हळू सांगितलं असतं तरी ऐकू गेलं असतं."

"आरं, पंगत समदे जेवतात. त्यांनी मागणं नको मागाया? कशासाठी ते ठावं नसंल तर काय मागतील, तुझ्या एजंटगिरीला बरकत?"

शेजारच्या पानावरची जिजा सरकली. "केवढी हाय गं?"

हर्षलाचे कान तापले होते. तरी ती म्हणाली, "संत्र्याएवढी."

"माझी लिंबाएवढी होती," पलीकडून आनंदीबाई म्हणाल्या. "काढली पिशवीच. दुसरं काय असतं ते कुणी सांगितलंच नाय तवा. दुर्बिणीनं कशी काढतात गं?"

हर्षला सांगू लागली. पानातला भात निवला, बायका विचारत राहिल्या. हात धुऊन ती धनेशपाशी आली.

"भाऊजी, गाठीचं लिहा. सोनोग्राफीचा रिपोर्टही जोडा."

"नाही म्हणाले तर?"

"तर जुना विमा आहेच. पण देवळात एक आणि कागदावर एक, हे मला जमायचं नाही."

मग वाट बघणं आलं. नव्या कंपनीच्या डॉक्टरचा फोन आला. कधीपासून, किती त्रास, त्याने सगळं विचारलं. मोतीबाई शेजारी जपमाळ थांबवून ऐकत होत्या. पुढच्या आठवड्यात धनेश स्वतः आला. "कंपनीने घेतलं. जुनी वर्षंही धरली." लपवायचा आपला सल्ला फुकट गेला म्हणून तो जरा खट्टूच दिसला.

पनवेलच्या डॉक्टरांनी सोनोग्राफीचा पडदा त्यांच्याकडे वळवला. "गाठ पिशवीच्या बाहेरच्या अंगाला आहे. दुर्बिणीने निघेल. पिशवी राखायचा पूर्ण प्रयत्न करू."

"आणि मूल?" हर्षलाने विचारलं.

"शक्यता चांगली आहे. खात्री मात्र कुणी देऊ नये."

हर्षलाने मान हलवली. साईनाथने तिचा हात धरला.

"आणखी काही विचारायचंय?"

मोतीबाईंनी खुर्ची पुढे ओढली. "मला इचारायचंय. ही एवढी वाढली कशावर?"

"अंगातल्या स्त्री-हार्मोन्सवर वाढते, एवढं माहीत आहे. मुळात होते का, ते आम्हालाही पुरतं कळलेलं नाही, आजी," डॉक्टर हसून म्हणाले. मग त्यांनी कोरा कागद घेतला आणि पिशवीचं चित्र काढायला लागले. सासू-सून दोघी टेबलावर वाकल्या.