ब्रोकमान पुन्हा निघाला

बर्फ वितळू लागलं आणि लुडोल्फ ब्रोकमान गाडीच्या चाकांना वंगण लावायला बसला, तेव्हाच लिओबाने ओळखलं, हा पुन्हा निघणार. एवढ्या वर्षांच्या संसारात तिला एक गोष्ट पक्की कळली होती. तिच्या नवऱ्याच्या तोंडाआधी त्याचे हात बोलायचे.

जेवताना तो म्हणाला, "पश्चिमेला ओरेगॉनकडे जमीन काळीभोर आहे म्हणतात. आणि इथल्यासारखा वारा नाही."

"वारा ओहायोतही नव्हता," लिओबा म्हणाली. "तिथून का उठलो आपण?"

पावाचा तुकडा तसाच ताटात टाकून लुडोल्फ बाहेर गेला. अलीकडे त्याला एका जागी घास संपवणंही जमत नव्हतं.

लुडोल्फ मूळचा जर्मनीतल्या वेस्टफालियातला. तिकडे शेत अखंड थोरल्याला मिळायचं आणि धाकट्यांनी त्याच्याच दारात गडी म्हणून राबायचं. म्हणून तो आणि मधला भाऊ कास्पर अमेरिकेच्या जहाजात चढले आणि ओहायोत येऊन त्यांनी जंगल तोडलं. सुताराची लिओबा लुडोल्फला तिथेच भेटली. पुढे मिसुरी आणि मग नेब्रास्का. प्रत्येक ठिकाणी लिओबाने सफरचंदाची रोपं लावली. फळं मात्र मागून येणाऱ्यांनी खाल्ली. नेब्रास्कात तर झाडच नव्हतं, म्हणून मातीची ढेकळं रचून घर बांधलं. गेल्या वर्षी कुठे लाकडी घर उभं राहिलं. आणि आता हा चाकांना वंगण लावत बसला होता.

"तुझ्या नवऱ्याच्या बुडाखाली निखारे आहेत बघ," शेजारचा म्हातारा वेंडेलिन कुंपणापाशी उभा राहून म्हणाला. "समुद्र लागेपर्यंत थांबायचा नाही तो."

"मग समुद्रातच बुडव म्हणावं मला," लिओबा फणकारली.

त्या दिवशी कपडे वाळत घालताना तिची मुलगी ओटिली हळूच म्हणाली, "आई, बाबा जनावरं पाण्यावर कुठून नेतात, पाहिलंस? टेकडीवरून ओढा एवढा जवळ, तरी टेकडीला वळसा घालून नेतात. अल्विनला ठेवल्यापासून रोज."

लिओबाने वळून टेकडीकडे पाहिलं.

त्या टेकडीवर अल्विनला पुरलं होतं. आदल्या हिवाळ्यात घटसर्पाने गेला, ओटिलीच्या पाठचा भाऊ. पुरल्या दिवसानंतर लुडोल्फ तिकडे एकदाही फिरकला नव्हता. लिओबाला वाटायचं, कामाच्या रगाड्यात वेळ होत नसेल. आता एकेक गोष्ट तिच्या डोळ्यांपुढे येऊ लागली. ओहायोत विहीर खणताना कास्परवर माती कोसळली आणि तो गेला. पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी ओहायो सोडलं. मिसुरीत त्यांची तान्ही क्लारा तापाने गेली. पीक शेतात उभं टाकून ते निघाले.

ती ओले हात पुसत तशीच गाडीपाशी गेली.

"लुडोल्फ, तू जमिनीच्या मागे धावत नाहीस. तू आपल्या मेलेल्या माणसांपासून पळतोस."

"काय बरळतेस?"

"कास्पर. क्लारा. आता अल्विन. ओरेगॉनात कुणाला पुरून पुढे जायचंय? मला, की ओटिलीला?"

लुडोल्फने हातातली पहार गाडीच्या फळीवर अशी आदळली की फळी चिरली. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "मी उद्या निघतोय," एवढंच तो म्हणाला. "यायचं त्याने यावं."

सकाळी त्याने बैल जुंपले. लिओबा दारात उभी राहिली. ना रडली, ना हाक मारली. ओटिली मात्र गाडीमागे धावत गेली. "बाबा, निदान कोट तरी न्या!" त्याने कोट घेतला, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बैलांना हाकारलं.

तो उन्हाळा लिओबाला बसू देईना. मायलेकींनी वेंडेलिनच्या मदतीने मका पेरला, खुरपला. पण हातातलं काम टाकून ती मध्येच पश्चिमेच्या वाटेकडे बघायची, मग स्वतःवरच चिडायची. घोडा खिंकाळला तरी दचकायची. "आई, तुलाही बाबांचा रोग लागला," ओटिली म्हणाली, तेव्हा ती तिच्यावर ओरडली आणि मग तिला जवळ घेऊन कितीतरी वेळ तशीच उभी राहिली.

मक्याची कणसं खुडायला आली आणि एका दुपारी लुडोल्फ वाटेवर दिसला. गाडी नव्हती. एकच बैल, तोही लंगडणारा. दाढी छातीपर्यंत वाढलेली. लिओबाने कणसांची टोपली खाली ठेवली नाही.

"काय, समुद्र आटला का?" तिने विचारलं.

तो बांधावर बसला.

"मी ज्या गाड्यांच्या तांड्याला मिळालो, त्यात एक जोडपं होतं," तो म्हणाला. "त्यांचं लेकरू वाटेत गेलं. खड्डा मी खणला. ती बाई गाडीत चढेना. शेवटी तिला उचलून बसवलं. दिवसभर ती मागेच बघत होती, लिओबा. मागे काही दिसेनासं झालं तरी." त्याने मान वर केली. "मिसुरीतून निघताना तूही अशीच बघत होतीस?"

"तुझे डोळे बैलांवर होते. तुला कसं दिसणार?"

लुडोल्फने तोंड ओंजळीत लपवलं. तिने टोपली ठेवली, त्याला दंडाला धरून उठवलं आणि जेवायलासुद्धा न नेता थेट टेकडीवर नेलं. तिथे तो गुडघ्यांवर बसला आणि लहान मुलासारखा रडला. कास्परचं नावही त्याच्या तोंडून तेव्हाच आलं, किती वर्षांनी.

तो राहिला. पुढे ओटिलीचं लग्न झालं, अंगणात नातवंडं खेळू लागली. पण रोग काही पुरता गेला नाही. बर्फ वितळलं की लुडोल्फच्या पायांना कंड सुटायची. तो अंगणात येरझाऱ्या घालायचा, पश्चिमेकडे बघायचा, बोलावलं तरी ऐकायचा नाही. लिओबा मग चुलीवरचं भांडं उतरवून डोक्याला रुमाल बांधायची.

"चल," ती म्हणायची. "कुठवर जायचंय आज?"

"तू कशाला येतेस?"

"मलाही घरात करमत नाहीये."

आणि दोघं वाटेला लागायची, ओढा ओलांडून, वेंडेलिनच्या पडक्या कुंपणापलीकडे, ती दमून थांबेपर्यंत. मग तो तिला घेऊन घरी वळायचा.