जगदेवीचे वाळे

आमच्या घरात वाढणं म्हणजे कोंडवाड्यात वाढणं, असं मी कैक वर्षं सगळ्यांना सांगत आलो. उंबऱ्यात गुडघ्याच्या वर जाईल अशी आडवी फळी. परसातल्या आडावर लिंबाच्या लाकडाचं जाड झाकण आणि त्यावर पाटा ठेवलेला. जमिनीत पुरलेल्या उखळाच्या तोंडात दगडी गोटा बसवलेला, चुलीभोवती मातीची उंच कड. विळी तर इतक्या वरच्या खुंटीला की ती काढायला आज्जीला पाटावर चढावं लागे, आणि चढताना ती ज्याच्यात्याच्या नावानं पुटपुटे. पाहुणे फळीला अडखळून पडत आणि अंगणातच वडलांची थट्टा करत, "भीमाशंकरअप्पा, आमाला बी बांधून घालता का दाव्याला?"

हे सगळं माझ्यासाठी केलेलं नव्हतं. माझ्या आधी जन्मलेल्या बहिणीसाठी, जगदेवीसाठी केलेलं होतं. मी तिला पाहिलेलं नाही. जे सांगतो ते आज्जीकडून ऐकलेलं आहे, कारण अव्वा, म्हणजे माझी आई, याबद्दल कधी अवाक्षर बोलली नाही.

आमचं गाव नळदुर्गापासून दोन कोसांवर. तेव्हा निजामाचं राज्य होतं. वडलांचं छोटं किराणा दुकान आणि ओढ्याकडं थोडी काळी जमीन. अव्वाला लग्नानंतर बरीच वर्षं मूल नव्हतं, तेव्हा जगदेवी झाली ती नवसासायासांनी. ती रांगायला लागली तशी अव्वाची झोप उडाली. एका दुपारी आज्जी, इरम्मा तिचं नाव, शेजारून घरी आली तर सून लुगड्याचा काष्टा घट्ट खोचून गुडघ्यांवर घरभर रांगत होती. आज्जीला वाटलं, हिच्या अंगात आलं.

"काय गं शिवकांता, काय हरवलं?"

"काय न्हाय, आत्याबाई. पोरीला इथनं काय काय दिसतंय ते बगतीया."

रांगता रांगता जिथं जिथं तिचा जीव दचकला तिथं तिथं तिनं काहीतरी करून घेतलं. उत्तरेश्वर सुतारानं आडाचं झाकण केलं, उंबऱ्याची फळी केली आणि वर म्हणाला, आता फक्त पोरीलाच संदुकीत ठेवायचं ऱ्हायलं. अव्वा हसली नाही. या बाबतीत ती कधीच हसत नसे, असं आज्जी सांगायची. मला तेव्हा अव्वाचा राग यायचा. आता येत नाही.

जगदेवी चालायला लागल्यावर वाळे आले. चांदीचे, घुंगरू लावलेले. वाळे कुणाच्या लेकराच्या पायात नसतात? पण आमच्या घरात ते कौतुकाचे नव्हते, कामाचे होते. अव्वा पोरीकडं पाठ करून भाकऱ्या थापायची, दळायची, आणि घुंगरांवरून तिला कळायचं: आता कणगीपाशी आहे, आता आज्जीच्या बाजेखाली घुसली. घुंगरं गप झाली की पोर झोपली. घरातलं सगळं बंद केलेलं, झाकलेलं असल्यामुळं गप झालेल्या घुंगरांना दुसरा अर्थच उरला नव्हता. अव्वाच्या कानाला त्याची सवय झाली होती. पोर झोपली की तिचा जीवही निवांत व्हायचा.

मग रझाकारांच्या धास्तीचं साल आलं. रोज नवी अफवा. हिवाळ्याचे दिवस होते, ज्वारी पुरुषभर उंच वाढून हुरड्याला आली होती. एका दुपारी वडील माल आणायला नळदुर्गाला गेलेले, आणि नेमकी तेव्हाच गावात ओरड झाली की धूळ दिसतेय, ते येतायत. बायका लेकरं उचलून ज्वारीत शिरल्या. आज्जी आणि अव्वा जगदेवीला घेऊन आमच्याच शेतात, अगदी आतल्या अंगाला जाऊन बसल्या.

पोर उठली-बसली की घुंगरं वाजत. पलीकडच्या सरीतून कुणीतरी दबक्या आवाजात शिवी दिली.

"वाळे काढ तिचे," आज्जी म्हणाली. "आवाज गेला तर समद्यांचा जीव जाईल."

अव्वानं आज्जीकडं एकदा पाहिलं. मग वाळे काढले आणि लुगड्याच्या ओच्यात खोचले.

जगदेवी मांडीवर झोपली. अव्वानं तिला शेजारी पटकुरावर ठेवलं आणि ताटांच्या फटीतून वाटेकडं डोळे लावले. वारा होता, ज्वारीची पानं सगळीकडं सळसळत होती. पोर कधी उठली, मऊ काळ्या मातीतून अनवाणी कुठं निघाली, काही ऐकू आलं नाही. दुसरी कुठलीही आई घडीघडीला वळून बघती. माझ्या अव्वाला बघायची सवयच राहिली नव्हती. घुंगरं गप होती, म्हणजे पोर झोपली होती. तिचा कान जागा होता आणि कानानंच तिला दगा दिला.

वळून बघितलं तर पटकूर रिकामं.

शेतातल्या विहिरीला कठडा नव्हता. तिचं तोंड जमिनीला लागून होतं, आपल्याकडच्या जुन्या विहिरींची असतात तशी. घरातला आड झाकला, उखळ बुजवलं, पण शेतात पोराला नेतंय कोण, म्हणून विहीर तशीच राहिली होती. अव्वा ज्वारी तुडवत तिकडंच धावली. धूळ उडवत आले होते ते लमाणांचे बैल. रझाकार त्या दिवशी आमच्या गावाकडं फिरकलेच नव्हते.

संध्याकाळी वडील परत आले ते सरळ शेतातच. आमच्यात, लिंगायतांत, पुरतात. बांधाजवळ जागा केली, जंगमस्वामींनी विभूती लावली, बेल वाहिला. वाळे मात्र अव्वाच्या ओच्यातच राहिले, आणि ते पोरीच्या पायात घाला असं म्हणायला कुणाची जीभ रेटली नाही. आज्जी मला सांगताना इथवर आली की थांबायची. "म्याच म्हनले काढ म्हनून," एवढंच बोलायची. अव्वानं तिला त्याबद्दल कधी बोल लावला नाही. मला वाटतं, लावला असता तर आज्जीला बरं वाटलं असतं.

निजामाचं राज्य गेलं, त्यानंतर मी झालो. माझं नाव पंचाक्षरी, पण गावची पोरं मला बैलोबा म्हणायची, कारण जगदेवीचे वाळे माझ्या पायात आले होते आणि निघायचं नाव घेत नव्हते. सोनाराकडून दोनदा वाढवून घेतले होते. त्या वाळ्यांसकट मी शाळेत गेलो. मास्तर म्हणाले, "आज पोळा आहे का रे?" सगळा वर्ग हसला. मी रडतरडत वाळे ओढून काढले आणि खिशात कोंबले.

घरी येताना पायांना हलकं वाटत होतं. उंबऱ्यावरची फळी मी आवाज न करता ओलांडली. अव्वा पाठमोरी भाकरी थापत होती. तिला घाबरवावं म्हणून मी अगदी जवळ जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, "अव्वा."

ती वळली. पिठाच्या हातांनी तिनं मला धरलं आणि माझे केस चाचपले, मग सदरा, मग चड्डीची कड. मला वाटलं, ती वाळे शोधतेय.

"खिशात हायत," मी म्हणालो.

तिला ते ऐकू गेलं नाही. माझ्या सदऱ्याचा शेव तिनं मुठीत धरून धुणं पिळावं तसा पिळला, आणि त्यातून काही गळतंय का ते बघत राहिली. तव्यावरची भाकरी करपली. आज्जी बाजेवरून उठून दारात आली होती.

"कोरडा हाय," अव्वा तिला म्हणाली. "आत्याबाई, ह्यो कोरडा हाय."