रिकामं पारडं

"मी काय सिमेंटचं पोतं आहे का रे? काटा लावतोस मला!"

"वजन नाही हो बाबा, श्वास मोजतोय."

"चाळीस वर्षं काटे दुरुस्त केले, आता काट्यावरच झोपायचं. बरंय."

काटेवाला पलंगाखाली पालथा पडून सोल्डर मारत होता. बाप अंथरुणाला खिळल्यापासून वजनकाट्यांचं दुकान तोच चालवत होता. दुकान पुढच्या खोलीत, बाप मागच्या. म्हाताऱ्याचा श्वास मधूनमधून अडायचा. हलवून जागं केलं की परत सुरू व्हायचा. पण सारखं उठून बघायला गेलं तर गिऱ्हाईक काटा घेऊन दुसरीकडे जायचं.

म्हणून गादीखाली हवेची पिशवी आणि तिला दाबाचा सेन्सर. छाती हलली की सेन्सरचा व्होल्टेज हलणार. दुकानातल्या टेबलावरच्या मायक्रोकंट्रोलरला मात्र व्होल्टेजमधलं ओ की ठो कळत नाही, त्याला आकडे लागतात. म्हणून मधे एडीसी, आठ पायांची, झुरळाएवढी चिप. दुभाषी म्हणा. कंट्रोलरने तारेवरून टिचकी मारली की ही एकेक बिट रांगेत पुढे पाठवणार. चार-पाच तारा भिंतीच्या भोकातून दुकानात गेल्या आणि टेबलावरच्या छोट्या पडद्यावर आकडा डोलू लागला. श्वास घेतला, सहाशे. सोडला, चारशे.

"आधी रिकामं पारडं शून्यावर आण," म्हातारा म्हणाला. दुकानाचा हा पहिला नियम. लहानपणी तो चुकला म्हणून काटेवाल्याने दोन थपडा खाल्ल्या होत्या.

"त्याला तुम्हाला उठवावं लागेल."

उठवायला दोघं लागायची आणि बायको बाजारात गेली होती. नंतर बघू, असं ठरलं. या घरातल्या बऱ्याच गोष्टी नंतर बघायच्या होत्या.

तीन आठवडे यंत्राने इमानेइतबारे काम केलं. आकडा थांबला की काटेवाला आत धावायचा आणि म्हातारा डोळे उघडून म्हणायचा, "आलास? बस जरा." तो बसायचा नाही. बाहेर कुणीतरी काटा घेऊन उभं असायचं.

"हा कसला भाव?" एका गिऱ्हाइकाने पडद्याकडे बोट दाखवून विचारलं.

"बाबांचा."

"आज वर आहे," गिऱ्हाईक म्हणालं आणि आपला काटा घेऊन गेलं.

त्या दिवशी अकरा वाजता बायको पाण्याची बादली आणि टॉवेल घेऊन मागे गेली.

"अहो! इकडे या. गार पडलेत."

"पांघरूण घाल."

"अहो, तसं नाही!"

"अगं, पाचशे दहा आहे! आता पाचशे तीस! मी बघतोय ना!"

"तुमचा आकडा घाला चुलीत! या आधी!"

तो आत गेला. म्हाताऱ्याच्या मुठीत सेन्सरची वायर होती, मुळासकट उपटलेली. पलंगाखालच्या एडीसीचा तो पाय आता मोकळा राहिला होता, आणि मोकळ्या पायाला हवेतलं काहीही चालतं. भिंतीतल्या विजेची गुणगुण, पंख्याची मोटर, जवळून गेलेला माणूस. त्याचेही तो आकडे करतो आणि रांगेत पाठवतो.

डॉक्टरने कागद काढला. "वेळ काय लिहू?"

काटेवाल्याने भिंतीच्या भोकातून गेलेल्या तारांकडे पाहिलं.

"मशीन लावलं होतं ना तुम्ही?"

"हो. अजून चालू आहे."

डॉक्टरने 'अंदाजे दहा' लिहिलं. वायर त्रासून उपटली, की हाक मारायला दुसरं काही हाताशी नव्हतं म्हणून, हे विचारायची त्या कागदात जागा नव्हती.

तेराव्या दिवसानंतर नातेवाईक पांगले. काटेवाल्याने टेबलावरचा पडदा उचलून मागच्या खोलीत आणला, जमिनीवर ठेवला आणि पलंगाखाली शिरला. गादी काढलेली, पिशवी नाही, सेन्सर नाही. पडदा चारशे ऐंशी दाखवत होता. त्याने चिपजवळ हात नेला. सहाशे. हात मागे घेतला. चारशे. परत नेला. सहाशे. असं त्याने बराच वेळ केलं.

मग एक रेझिस्टर घेतला आणि तो मोकळा पाय ग्राउंडला, म्हणजे शून्याला, बांधून टाकला. वायर सुटली की आकडा शून्यावर पडावा, एवढंच करायचं राहिलं होतं. दोन मिनिटांचं काम.

आकडा शून्यावर आला. त्याने हात जवळ नेला. शून्य.

"काय करताय हो खाली?" बायकोने दारातून विचारलं. "आता काय दाखवतंय ते?"

"बरोबर दाखवतंय," तो म्हणाला. आणि पलंगाच्या रिकाम्या फळ्यांवर जरा बसला.