पोपटाची बाटली

भिलाईचा कारखाना उभा राहत होता, त्या दिवसांत जवळच्याच मरोदा गावात राधाबाईच्या खिडकीत जुन्या बाटल्यांची रांग असे. नवरा शेषराव खोदकामावर होता. मातीत एखादी बाटली सापडली की तो ती बायकोसाठी घरी आणी.

एकदा शेजारची बेबीताई आपल्या वारलेल्या आईची गुलाबपाण्याची बाटली घेऊन आली. आत काळा थर बसला होता आणि बाहेरच्या कागदावरचा पोपट चुलीच्या धुरानं झाकून गेला होता.

"राखेनं घासून देऊ का?" शेषरावनं विचारलं.

"नाही जी! राखेनं काचेवर ओरखडे पडतेत. अन् उकळतं पानी टाकलं तर तडकून जाईन," राधाबाई म्हणाली.

राधाबाईनं कागदावर मेणकापड बांधलं आणि बाटलीत रिठ्याचं कोमट पाणी भरून ठेवलं. थर सैल झाल्यावर तिनं आत तांदळाची कणी टाकली आणि बाटली मांडीवर घेऊन हलक्या हातानं फिरवत बसली. मग मेणकापड सोडून कोरड्या कापसानं कागदावरची काजळी अलगद टिपली. शेषराव चहा विसरून पाहत राहिला.

बेबीताई आली तेव्हा पोपट हिरवागार दिसत होता. तिचे डोळे भरून आले.

"माय याच पोपटाच्या गोष्टी सांगून मले जेवू घाले," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी शेषराव कामावर ज्याला त्याला सांगत होता, "कारखाना तं आपन सारे मिळून बांधूनच राहिलो. पन माह्या बायकोसारखी बाटली धुवून दाखवा!"