आर. रगासची आई

"मनाय, भोपळा केवढा जाड चिरलास! खेकडे शिजतील आणि हा तसाच राहील," लिओनिला खवणीवरून ओरडली.

"तू नारळ खव. निम्मा तुझ्याच तोंडात चाललाय," तेओदोरा म्हणाली.

दोघी सख्ख्या जावा. धाकटी थोरलीला 'मनाय' म्हणायची, मान देऊन आणि वर चिडवून. फिलिपिन्समधल्या सोर्सोगोनच्या किनाऱ्यावर त्यांचं अंगण एक आणि घरं दोन. रविवारी मात्र स्वयंपाक एकत्र, तेओदोराकडे. नवरे, म्हणजे दोघे भाऊ, होडी घेऊन गेले होते. तेओदोराचा रुएल आणि लिओनिलाचा रेनान एकाच मालवाहू जहाजावर खलाशी होते. दोघांच्या वयात महिन्याचं अंतर. सव्वीस वर्षं धक्क्यावर भात-कालवण विकून तेओदोराने रुएलला तिथवर पोचवलं होतं.

तिने नारळाचं पातळ दूध पातेल्यात ओतलं, आलं, लसूण, हिरव्या मिरच्या टाकल्या. भोपळ्याच्या फोडी आणि खेकडे सोडले. खेकडे लाल व्हायला लागले तेवढ्यात फोन वाजला.

"आर. रगास यांच्या आई का?" मनिलाच्या ऑफिसातली मुलगी होती.

"हो, मीच."

मुलगी वाचून दाखवत असावी. जहाजावरची टाकी साफ करताना आत विषारी वायू होता. काल दुपारी. बाहेर काढेपर्यंत उशीर झाला. कंपनीला अतिशय दुःख होत आहे.

"बरं," तेओदोरा म्हणाली. "थँक्यू."

तिने फोन तांदळाच्या डब्यावर ठेवला. कालवणात मीठ घातलं. परत एकदा घातलं. मग खाली बसली.

"लिओनिला, रुएल गेला गं."

"कुठे गेला?"

तेओदोराने फोनकडे बोट दाखवलं. "जहाजावर. टाकीत वायू होता." लिओनिलाच्या हातातली करवंटी सुटली. ती अशी किंचाळली, की कुंपणावरच्या कोंबड्या उडाल्या. आपले हात खेकड्यांनी चिकट झालेत, एवढंच तेओदोराला कळत होतं.

लिओनिलाने ते हात साबणाने धुतले, बोट न् बोट पुसलं. तिला भिंतीला टेकवून बसवलं. "थांब, रेनानला लावते फोन. तो असेल ना त्याच्याजवळ."

फोन लागला नाही. दुसऱ्यांदाही नाही.

"धावपळीत असेल बिचारा," लिओनिला डोळे पुसत म्हणाली. "भावाचं सगळं त्यालाच बघावं लागत असेल."

मग ती उठली. आता लोक येतील, पुरुष उपाशी परततील. तिने गॅस बारीक केला, खवलेला नारळ पिळून दाट दूध काढलं, ते पातेल्यात ओतलं आणि रडत रडत डाव फिरवू लागली.

फोन पुन्हा वाजला. तेओदोराने तो कानाला लावला.

"आई? आई, मी रुएल."

"कोण?"

"मी बरा आहे गं. आम्ही दोघंही आर. रगास, ऑफिसवाल्यांनी नावात घोळ केला, भलत्याच नंबरावर फोन केला. आत रेनान उतरला होता. मी वर होतो, आई. दोर धरून मीच वर होतो." त्याचा आवाज फाटला. "काकूला अजून कुणी सांगितलेलं नाही. तू तिच्याजवळ जा."

तेओदोराला हसू फुटलं. खरंखुरं, पोटातून. तिने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं, तरी ते बोटांमधून बाहेर आलंच.

लिओनिला वळली. "कोण होतं, मनाय?"

"रुएल."

"रुएल?" डाव फेकून ती धावली. तिने जावेला मिठी मारली, तिचे गाल, कपाळ, केस चुंबले. "जिवंत आहे! बघ, आहे माझं पोर! मेले ते ऑफिसवाले, जीव काढला आमचा! देवा रे!" ती हसत होती, तेओदोराला गदागदा हलवत होती. तेओदोरा तिच्या हातांत लाकडासारखी उभी.

हळूहळू लिओनिलाचे हात सैल झाले.

"मग त्यांनी फोन कशाला केला होता?"

तेओदोराने मान खाली घातली.

"मनाय, टाकीत कोण होतं?"

उत्तराची तिने वाटच पाहिली नाही. ती दारातून बाहेर पडली आणि चपला न घालता, भर उन्हात, समुद्राकडे चालू लागली. होडी अजून दिसतही नव्हती. तेओदोरा मागून धावली. पातेल्याखालचा गॅस शेजारणीने येऊन बंद केला.

बाविसाव्या दिवशी शवपेटी आली. सोबत रुएल होता. ट्रकमधून उतरला तेव्हा तो इतका वाळलेला दिसला, की तेओदोराचे पाय आपोआप पुढे झाले. दोन पावलं टाकून ती थांबली आणि तिने हनुवटीनेच त्याला पलीकडचं दार दाखवलं.

तिथे लिओनिला काळ्या कपड्यांत उभी होती. रुएल तिच्यापुढे वाकला, आशीर्वाद घ्यायला तिचा हात उचलून आपल्या कपाळाला लावला. तिने तो काढून घेतला नाही. दुसरा हात त्याच्या मानेवर ठेवला आणि तशीच उभी राहिली. किती वेळ, कुणी मोजलं नाही.

तेओदोराने ट्रकमधून त्याची बॅग उतरवून घेतली आणि ती छातीशी धरून, त्याला जवळ घ्यायची आपली वेळ येईपर्यंत, अंगणात उभी राहिली.