पांढऱ्या झाडाखालचा बाक

मी एक जुना बाक आहे. आमची गल्ली संपते तिथे एक लहानशी राई सुरू होते आणि त्या राईत अगदी आत, पांढऱ्या झाडाखाली माझी जागा आहे. त्या झाडाचे खरे नाव गल्लीत कुणालाच ठाऊक नाही. वर्षभर ते मुकाट उभे असते. वसंतात मात्र जेमतेम आठवडाभर पांढरेशुभ्र फुलते आणि जोराचा वारा आला की रिकामे होते. मित्रांनो, तो आठवडा पाठ टेकून बघायचा तर माझ्याशिवाय सोय नाही. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. बरे, थोडी बढाई आहेच.

मला सुतारकाकांनी घडवले, त्यांचे नवे नवे लग्न झाले होते तेव्हा. माझी पाठ एका मोडक्या दाराच्या फळीची आहे. तिच्यातले कडीचे भोक तसेच राहिले होते. "बुजवा ना ते," असे काकू म्हणाल्या. "असू दे गं, बाकाला एक डोळा हवा," असे काका म्हणाले. त्या डोळ्याने मी पुष्कळ बघितले. टपालवाली थैली ठेवून घटकाभर विसावायची, मुले भांडायची आणि माझ्यावरच बसून पुन्हा बोलू लागायची. दर वसंतात काका-काकू चहाचा थर्मास घेऊन यायचे. बसण्याआधी काका माझे सांधे चाचपायचे. एखादा सैल लागला की तिथल्या तिथे पाचर ठोकायचे. हिवाळ्यात मात्र कुणी फिरकत नसे. पायांवर शेवाळ चढे आणि मी मनातल्या मनात कुरकुरत बसे.

गेल्या हिवाळ्यात काकांना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, पण उजवा पाय ओढत चालावे लागे. काठी टेकत ते राईच्या तोंडाशी येत, दमत आणि मागे फिरत. "यंदाही झाड बघायचंच. आणि माझ्या पायांनी जाऊन," असे त्यांनी काकूंना बजावले होते. झाडाला तेव्हा कळ्या धरू लागल्या होत्या.

काकांवर सगळ्या गल्लीचा जीव. एका दुपारी बेकरीवाला आणि टपालवाली आले, त्यांनी मला उचलले आणि थेट राईच्या तोंडाशी, कचरापेटीशेजारी आणून ठेवले. पुसूनही काढले. दुसऱ्या दिवशी काका आले आणि मला बघून जागच्या जागी थबकले.

"हा इथं कशाला?"

"तुमच्यासाठी, काका. आता लांब जायला नको. बसा निवांत," बेकरीवाला म्हणाला.

"म्हणजे माझ्याच्यानं आत जाणं होत नाही, हे तुम्हीच ठरवून टाकलंत?"

ते बसले नाहीत. त्यानंतर घराबाहेरही पडेनात. मी रस्त्याकडे तोंड करून गाड्यांचा धूर खात होतो. मला फार वाईट वाटले. ज्यांनी घडवले, त्यांनाच मी नकोसा झालो होतो.

मग एका सकाळी काकू एकट्याच आल्या. माझ्यावर बसून थोड्या रडल्या, नाक पुसले आणि बेकरीवाल्याला हाक मारली.

"हा उचल आणि जरासा आत ठेव. उद्या आणखी जरा आत."

"काकू, त्यापेक्षा एकदमच जागेवर नेऊन ठेवतो की."

"तिथवर ते पोचायचे नाहीत, बाबा. ते जिथं दमतील, त्याच्या जरा पुढं ठेवत जा."

घरी जाऊन त्या काकांना एवढेच म्हणाल्या, "बाक परत नेतायत. पण जड आहे म्हणे, एका दमात होत नाही."

"एकाच बाजूनं ओढत असणार, गाढव लेकाचे! सांधे खिळखिळे करून ठेवतील," म्हणत काका काठी घेऊन निघालेच.

तेव्हापासून ते रोज माझी तपासणी करायला येऊ लागले. सांधे चाचपायचे, बेकरीवाल्याला चार शब्द सुनावायचे आणि मग बसायचे. मित्रांनो, मी इतकी वर्षे एकाच झाडाचा वसंत बघितला होता. यंदा मला सगळी राई दिसली. कुठे तांबूस कोवळी पालवी होती, कुठे गवतात बारीक निळी फुले होती. ओढ्याकाठी एक पक्षी काड्या गोळा करताना एकच काडी सारखी पाडत होता. काका त्याला बघून हसले. किती दिवसांनी हसले!

ओढ्याच्या वळणापाशी आम्ही पोचलो, त्याच सकाळी वारा सुटला. पांढऱ्या पाकळ्या वाटेवरून आमच्याकडे उडत येऊ लागल्या. काकूंचा चेहरा उतरला. उद्यापर्यंत झाडावर काही उरणार नव्हते.

काका उठले. "बाक मागून येऊ दे," असे म्हणून त्यांनी काकूंचा हात धरला आणि पाय ओढत चालू लागले. मध्ये टेकायला काही नव्हते. दोनदा ते थांबले, तेव्हा मला उचलणाऱ्यांचेही पाय थांबले. मग काका पुन्हा निघाले.

आम्ही पोचलो तेव्हा ते झाडाला हात टेकून वर बघत होते. वरच्या फांद्या ओक्याबोक्या झाल्या होत्या. खालच्या दोन मात्र अजून भरगच्च होत्या.

"जरा डावीकडं ठेवा, पाय दगडावर येतोय," ते म्हणाले. मग माझ्यावर बसून, धाप ओसरल्यावर हळूच म्हणाले, "बाक रोज पुढं का जायचा, ते मला पहिल्याच दिवशी कळलं होतं."

"मग बोलला का नाहीत?" काकूंनी विचारले.

"बोललो असतो, तर घरीच बसावं लागलं असतं."

काकूंनी एक पडलेले फूल उचलून माझ्या डोळ्यात खोचले. मला काही दिसेना, पण मी कुरकुर केली नाही.

मित्रांनो, जुन्या बाकांना जपा. पावसाळ्याआधी थोडे तेल लावा, सैल सांधा दिसला तर पाचर ठोका. आणि तुमच्या घरातले कुणी चालताना दमत असेल, तर त्याची आवडती जागा ओढून दाराशी आणू नका. त्याच्याबरोबर निघा आणि तो दमेल त्याच्या जरा पुढे मला ठेवा. मी जड आहे, हे खरेच. तेव्हा दोन्ही बाजूंनी उचला.